हिच्या नावावर केलेली फाइल

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

घर शांत. ही काल थोरल्या बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट. सोबत दोन मोठ्या बॅगा, इस्त्री, मोठी कात्री आणि शिवणयंत्र. हवापालटाला शिवणयंत्र कशाला, ते विचारलं नाही. बायकांच्या सामानाबद्दल विचारू नये, एवढं संसारात शिकलो आहे. शिवणकामाचा पुतळा मात्र इथेच कोपऱ्यात उभा आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही.

निघताना दारातून काहीतरी विचारत होती. ‘नाही, नाही’ म्हटलं. समोर मोठं डाउनलोड चालू होतं.

कुणावाचून कुणाचं अडत नाही. उलट निवांतपणा मिळाला. संकल्प: ही यायच्या आत मशीन, म्हणजे घरचा कॉम्प्युटर, लखलखीत करायचं. सगळे साचलेले अपडेट आजच. जेवणाच्या आत संपेल.

दुपारी.

संपलं नाही. अपडेट सुरू केल्या केल्या पॅकेज मॅनेजर कोसळला. पुन्हा चालवला, पुन्हा कोसळला. पडद्यावर पाच-सहा ओळींची एरर. वरच्या ओळीत घरातलंच काहीतरी नाव दिसतंय. शेवटच्या ओळीत ‘काम अर्धवट थांबवलं आहे’. जाणकार माणूस शेवटची ओळ वाचतो. वरचं सगळं पाल्हाळ असतं.

उद्या सकाळी ऑफिसला जायच्या आधी दुरुस्त करतो.

३ फेब्रुवारी, सोमवार.

ऑफिसला उशीर झाला. दुरुस्त झालं नाही. अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर बदलून पाहिला. सगळा दोष त्या सर्व्हरचाच होता अशी माझी खात्री होती. नवा सर्व्हरही तसलाच निघाला.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. घरी कसं चाललंय म्हणाली. सांगितलं, पॅकेज मॅनेजर बसला.  तिला कळलं नसावं म्हणून नीट समजावलं, की लिनक्समध्ये पॅकेज मॅनेजर म्हणजे कोठीघराच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. नवा प्रोग्रॅम आत घ्यायचा तर त्याच्या हातून, जुना बाहेर काढायचा तर त्याच्या हातून. तोच हातपाय गाळून बसला की मशीन आहे तिथे थिजतं. ती म्हणाली, बाबा, मी आईबद्दल विचारते आहे. म्हटलं, अगं, आईचं काम त्याच मशीनवर तर आहे, म्हणून एवढी घाई. त्यावर तिने मी जेवलो का विचारलं. हिच्याच वळणावर गेली आहे. विषय बदलते.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

आज विचार करता करता सगळं लख्ख दिसलं.

ही नाटकवाल्यांचे कपडे शिवते. कपड्याचे नमुने मशीनवर आखते आणि मागच्या खोलीतल्या प्लॉटरवर, म्हणजे लांबलचक कागदाच्या प्रिंटरवर, छापते. मशीन बिघडलेलं, प्लॉटरही उठत नाही, अशात घरी येऊन ही करणार काय? तेव्हा ही तिकडे थांबली आहे ती मशीनमुळे. मशीन सुरू झालं की आलीच.

ही गेली शनिवारी आणि मशीन बिघडलं रविवारी, हा तपशील आहे. तपशिलात अडकणाऱ्या माणसाच्या हातून मोठी कामं होत नाहीत.

मागच्या खोलीत पायात टाचणी गेली. चटईत टाचण्याच टाचण्या. संकल्प: ही आली की पहिल्याच दिवशी टाचण्यांचा विषय काढायचा. पहिल्या नको, दुसऱ्या.

५ फेब्रुवारी, बुधवार.

लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला. तिथे माझं नाव ‘मूळपुरुष’. आतापर्यंत मी फक्त उत्तरं देत आलो, त्यामुळे प्रश्न विचारताना जरा अवघड वाटलं. ‘एका मित्राच्या मशीनवर’ असं लिहिलं. एरर चिकटवली, फक्त वरची ओळ कापून. घरातलं नाव चार लोकांत कशाला?

‘जुनंखोड’ नावाच्या कुणीतरी लगेच लिहिलं, की एरर पूर्ण द्या.

मी शेवटची ओळ पुन्हा दिली. ठळक अक्षरांत.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

जुनंखोड यांचं उत्तर: पूर्ण द्या.

माणूस एकाच वाक्यावर जगतो की काय? दुर्लक्ष केलं. आज रॅमचा संशय. पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. सगळं हिच्या कटिंगच्या टेबलावर पसरलं. काय ऐसपैस टेबल आहे. इतकी वर्षं घरात होतं, पण मला कधी मोकळं मिळालं नव्हतं. टेबलाच्या कडेला खडूच्या रेघा आहेत, त्यांच्यावर स्क्रू ओळीने लावून ठेवले.

सगळं परत बसवलं तर मशीन सुरूच होईना. पट्टी उलटी बसवली होती. पट्टी बनवणाऱ्यांनी उलटसुलट कळेल अशी बनवायला नको का?

सुरू झाल्यावर पडद्यावर लॉगिनला माझं एकट्याचं नाव आलं. पूर्वी दोन यायची. दुसरं नाव लपवायची नवी पद्धत निघाली असेल. बरं आहे, सुटसुटीत दिसतं.

दूध उरतंय. दही लावलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

दही उरतंय.

हिला फोन केला. रॅम निर्दोष आहे ही आनंदाची बातमी दिली. हिने विचारलं, दूधवाल्याला निम्मं करायला सांगितलं का. म्हटलं, कशाला, येशीलच की तू.  ताई मागून हाक मारतेय म्हणाली आणि फोन ठेवला. मला काही ताईची हाक ऐकू आली नाही. नेटवर्क.

संकल्प: दूध निम्मं करायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ फेब्रुवारी, रविवार.

सकाळी साडू आला. थोरल्या मेव्हणीचा नवरा. सज्जन माणूस, पण दुकानातून विकत आणलेल्या कॉम्प्युटरवर समाधानी आहे. अपडेटचं काय करता विचारलं तर म्हणाला, होतात आपले आपण. असल्या माणसाशी बोलायचं काय?

तरी चहा केला. पॅकेज मॅनेजरचा सगळा इतिहास सांगितला. ऐकत होता, पण नजर खोलीभर फिरत होती. मग म्हणाला, जेवणाखाणाचं काय करता. ताई म्हणतेय एकदा जेवायला या. आणि लगेच म्हणाला, आत्ताच नको पण, थोडे दिवस जाऊ देत. बोलावतो आणि नकोही म्हणतो. गोंधळलेला माणूस.

हिने तिकडे नमुने हाताने आखायला घेतलेत, असं त्याच्या तोंडून निसटलं. मोठे कागद फरशीवर पसरून आखते म्हणे. बिचारी. किती हाल. गाणी म्हणत असते काम करताना, असंही म्हणाला. दुःखात माणूस काहीही करतो.

निरोप दिला, की बुधवारपर्यंत प्लॉटर चालू होतो म्हणून सांगा. सांगतो म्हणाला.

जाताना पुतळा घेऊन गेला. त्यासाठीच आला होता. काखेत धरून जिना उतरला. पुतळ्याचा एक पाय कठड्याला आपटला तेव्हा मी उगाच ‘सांभाळून’ म्हणून ओरडलो. वर येऊन पाहिलं तर कोपऱ्यात फरशीचा गोल तुकडा स्वच्छ होता आणि भोवती धूळ.

प्लॉटर नेला नाही. महत्त्वाची वस्तू इथेच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार.

प्लॉटरवरून आठवलं. तो चालवायला पूर्वी दर वेळी माझा पासवर्ड लागायचा. ही मागच्या खोलीतून हाक मारायची, मी ‘आलो, आलो’ म्हणायचो, आणि मी पोचेपर्यंत हिने कागद गुंडाळून ठेवलेला असायचा. शेवटी एका लग्नाच्या वाढदिवसाला मी ते कायमचं सोडवलं. प्लॉटर चालवणारी फाइल हिच्या मालकीची केली. तीही नुसती वरवर नाही. थेट पॅकेज मॅनेजरच्या दप्तरी नोंद करून ठेवली, की कितीही अपडेट येवोत, ही फाइल हिचीच राहील, कुणी हात लावायचा नाही.

लोक बायकोच्या नावावर घर करतात, जमीन करतात. मी फाइल केली. ही म्हणाली, छान आहे, पण मला वाटलं आज आपण बाहेर जेवायला जाऊ.

अशी भेट दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने दिली असेल? फोरमवर तेव्हा लिहिलं होतं, सात जणांनी कौतुक केलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

पॅकेज मॅनेजर बनवणाऱ्यांकडे रीतसर तक्रार पाठवली. भाषा कडक ठेवली. ‘आपल्या हलगर्जीपणामुळे एका कुटुंबाची घडी विस्कटली आहे’ असंही लिहिलं. उत्तर आलं: माहिती अपुरी, तक्रार बंद.

मी छापखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. आज फोरम उघडा असताना मालक मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. घरी सगळं ठीक ना, विचारलं. म्हटलं, कसलं ठीक, पॅकेज मॅनेजर कोसळतोय. मालक म्हणाले, ते नाही विचारलं. आजकाल सगळे मला एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर दिलं तर म्हणतात ते नाही विचारलं.

लवकर घरी जा म्हणाले. घरी जाऊन काय करू? मशीन अडलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

बुधवार उजाडला आणि गेला. प्लॉटर चालू नाही. साडूने निरोप दिलाच नसावा, नाहीतर हिने फोन करून विचारलं असतं.

लेकीने सुचवलं, बाबा, सगळं पुसून नवं का टाकत नाही तुम्ही, अर्ध्या दिवसाचं काम. साफ नकार दिला. आईची मांडणी त्यात आहे, तिचे नमुने आहेत, मोठे केलेले आयकॉन आहेत, मागचं चित्र आहे. ते जाईल. लेक म्हणाली, बाबा, ते आहे का अजून? बघितलंत?

मी दुसऱ्याच्या खात्यात डोकावत नाही. तत्त्व आहे. तसं सांगितलं तर म्हणाली, आईने शिवलेल्या कपड्यांच्या प्रदर्शनाला यायलाही तुमचं काही तत्त्व होतं का. जुना विषय. त्या दिवशी मशीनची आवृत्ती बदलत होतो. मध्येच सोडता येत नाही. सोडलं तर मशीन उठत नाही पुन्हा. हे मी तेव्हाही दोघींना सांगितलं होतं.

फोन ठेवल्यावर पुन्हा टाचणी लागली. उजव्या टाचेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

फोरम. मी सात वेगवेगळे उपाय केल्याचं सविस्तर लिहिलं. त्यावर जुनंखोड यांचं उत्तर असं, की तुम्ही दर वेळी नेमकी वरची ओळ कापून देता. जी ओळ नेमकी कापता येते ती वाचूनच कापलेली असते. मग मला कशाला विचारता?

उद्धट माणूस. ओळख ना पाळख. सात वर्षं या फोरमची सेवा केली त्याचं हे फळ. संकल्प: फोरम कायमचा सोडायचा. आत्ता, या क्षणी.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी.

सोडला नाही. चहा निवत ठेवून बराच वेळ बसलो होतो. मग एरर पूर्ण चिकटवली. वरच्या ओळीसकट.

हिचं पाळण्यातलं नाव आहे ते. खातं उघडलं तेव्हा हिनेच सुचवलं होतं. हिची आई तेवढी या नावाने हाक मारायची. आता फोरमवर आहे.

थोड्या वेळाने.

उत्तर आलं. त्यांनी दोन आज्ञा चालवून काय दिसतं ते द्यायला सांगितलं. दिलं. मग त्यांनी जे लिहिलं ते असं.

पॅकेज मॅनेजर बिघडलेला नाही. त्याच्या दप्तरी नोंद आहे की अमुक फाइल अमुक माणसाच्या मालकीची. आणि त्या नावाचा माणूस आता या मशीनवर नाही. खातं काढून टाकलेलं आहे. मालक सापडत नाही म्हटल्यावर तो अंदाजाने पुढे जात नाही, सगळं काम थांबवून उभा राहतो. तसंच करायला हवं त्याने. उपाय दोन. एक, त्या नावाचं खातं पुन्हा उघडा. दोन, ती नोंद पुसा, एका ओळीचं काम आहे. आणि हेही लिहिलं, की खातं अपघाताने गेलेलं दिसत नाही. खात्याच्या सगळ्या फाइली असतात तो होम फोल्डरही नाही, मागे एक फाइल राहिलेली नाही. ज्याने काढलं त्याने काम नीट केलं आहे.

मी लिहिलं, मीच शिकवलं होतं.

खरंच शिकवलं होतं. नको झालेलं खातं नुसतं बंद करून ठेवू नये, फोल्डरसकट काढावं, मागे कचरा ठेवू नये. हिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. माझा पासवर्ड हिने केव्हाच ओळखला असणार, लग्नाची तारीख उलटी लिहिलेली.

जुनंखोड यांनी लिहिलं, की मला माहीत नव्हतं, वाईट वाटलं. मित्राला सांगा सावकाश करा.

१६ फेब्रुवारी, रविवार.

पहिला उपाय केला. का नाही करायचा? तांत्रिकदृष्ट्या दोन्ही बरोबर आहेत.

हिच्या नावाचं खातं उघडलं. अपडेट सुरू केला. पॅकेज मॅनेजर उठून कामाला लागला. सगळं सरसर खाली उतरलं, कुठे खळखळ नाही. प्लॉटरही चालला, एक कोरा कागद सोडून पाहिला. मशीन पुन्हा सुरू केलं तर पडद्यावर दोन नावं. मला इतका आनंद झाला की मी उठून खिडकी उघडली.

मग हिच्या खात्यात गेलो. स्वच्छ, रिकामं, कंपनीचं निळं चित्र. आयकॉन मोठे केले, हिला बारीक दिसत नाही. मागचं चित्र लावायला घेतलं आणि अडलो. हिच्या पडद्यावर कुठलं चित्र होतं ते मला आठवेना. वर्षानुवर्षं त्याच मशीनसमोर बसत आलो. आठवलंच नाही.

लेकीला विचारलं. म्हणाली, प्रदर्शनाचा फोटो होता, बाबा. सगळे आहोत त्यात. तुम्ही सोडून.

लेकीने पाठवला. लावला.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

ऑफिसमधून हिला फोन केला. सांगितलं की मशीन सुरू झालं, खातं पुन्हा उघडलंय, आयकॉन मोठे आहेत, फोटोही लावला आहे, कधी येतेस.

ही शांतपणे बोलली. म्हणाली, मला शंका होतीच की काहीतरी अडेल. ती फाइल माझ्या नावावर होती ना. म्हणून तर निघताना दारातून विचारलं होतं, की मी माझं सगळं काढलंय, नमुने सोबत घेतलेत, माझ्यावाचून इथे काही अडणार नाही ना. तुम्ही मान न वळवता दोनदा नाही म्हणालात.

मी म्हटलं, मला वाटलं तू गॅस बंद केला का विचारतेस.

ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली माझ्याशी. मग म्हणाली, वळून बघितलं असतंत तर मी कदाचित बॅग खाली ठेवली असती, तेवढ्यापुरती तरी. आता नाही. इथे बरी आहे मी. प्लॉटर ठेवा, मला हाताने आखायला आवडतंय. आणि तेवढं एक करा, ते खातं काढून टाका. माझ्या नावाचं रिकामं काही ठेवू नका.

मी ‘आलो, आलो’ म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तोंडात बसलंय.

मालक बाहेर जाऊन, दार ओढून घेऊन तिथेच उभे राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

रजा घेतली. सकाळी दूधवाल्याला निम्मं सांगितलं. बरं, म्हणाला, दुसरं काही विचारलं नाही.

खातं काढलं. फोल्डरसकट. मग ती नोंद पुसली. एका ओळीचंच काम होतं. बोट बराच वेळ एंटरवर होतं.

कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं मीच पहिल्या दिवशी लिहून ठेवलंय. या घरात तिच्यावाचून एकट्या मशीनचं अडलं होतं. पंधरा दिवस ते हटून उभं राहिलं, तिचं नाव घेऊन, आणि मी त्याला दुरुस्त करत होतो. फार वाईट वाटलं. मशीनचं नाही.

अपडेट चालवून पाहिला. कुठेही कोसळला नाही. टाकायचं काही नाही, काढायचं काही नाही, असं पडद्यावर आलं.

संकल्प सुचत नाही.

मागच्या खोलीत चपला काढून चटईवर सगळीकडे चालून पाहिलं. टाचणी लागली नाही.